आधी पाणी मागावं

विदर्भातल्या खेड्यात कोणाच्या दारात गेलं की पहिला शब्द ठरलेला असतो. "या, बसा. पानी घ्या." तांब्या येतो, गिलास येतो, मग "कोन गावचे?" येतं. पाणी घेतल्याशिवाय पुढचं बोलणं सुरू होत नाही. ज्याला आपल्या ख्रिस्ती विश्वासाबद्दल शेजाऱ्याशी बोलायचं आहे, त्यानं या तांब्यापाशी जरा थांबावं. बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशू इथूनच सुरुवात करतो. भर दुपार, सूखार गावाबाहेरची याकोबाची विहीर, चालून थकलेला तो काठावर बसलेला. पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईला तो म्हणतो, मला प्यायला पाणी दे.

मूळ ग्रीकमध्ये हे तीनच शब्द आहेत. या संवादात येशू सात वेळा बोलतो आणि बाई सहा वेळा. वही घेऊन एकदा मोजून पाहावं, त्यातून जे कळतं ते दहा प्रवचनांतून कळत नाही. पहिल्यांदा तो मागतो. जिवंत पाण्याचा विषय दुसऱ्यांदा निघतो, तोही तिनं विचारल्यावर: तुम्ही यहूदी, मी शोमरोनी, मला पाणी कसं मागता? तिच्या पाच नवऱ्यांची गोष्ट पाचव्या बोलण्यात येते. मधेच ती उपासनेसाठी डोंगर खरा की यरुशलेम खरं, हा दोन्ही समाजांचा जुना वाद काढते. तो वाद टाळत नाही, पण त्यात अडकूनही पडत नाही. आणि "तो मसीहा (देवानं पाठवायचा तारणारा) मीच" हे सातव्या, अगदी शेवटच्या बोलण्यात. आपण पुष्कळदा हे सातवं वाक्य दारातच बोलून टाकतो. मग लोक ऐकत नाहीत म्हणून रात्री प्रार्थनेत गाऱ्हाणं मांडतो.

त्या पाण्याच्या मागणीचं वजन आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. कोणत्या विहिरीत कोणी पोहरा सोडायचा, कोणाला वरून ओतून पाणी द्यायचं, यावरून इथं पिढ्यानपिढ्या माणसांचा अपमान झाला आहे. यहूदी शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत, असं योहान लिहितो. त्यातल्या क्रियापदाचा अर्थ काही अभ्यासक "एका भांड्यातून खातपीत नसत" असा घेतात. येशूजवळ पोहरा नव्हता, हे बाईच बोलून दाखवते. म्हणजे पाणी प्यायचं तर तिच्याच भांड्यातून. मागून त्यानं तिला देणारी केलं. शुभवर्तमान सांगण्याचा सगळा रस्ता मला या एका गोष्टीत दिसतो: सांगणारा रिकाम्या हातानं येतो, पाहुणा होतो, आणि समोरच्याकडून आधी घेतो.

आपल्या भागात हे मुद्दाम सांगावं लागतं, त्याला कारण आहे. विदर्भाला ख्रिस्ती माणूस ओळखीचा झाला तो देणारा म्हणून. दवाखाने, शाळा, वसतिगृहं, कुष्ठरोग्यांची इस्पितळं. या कामाचं मोल कमी नाही. कित्येक घरांत आजी-आजोबांचा जीव मिशनच्या दवाखान्यात वाचला आहे. पण देणाऱ्याचा हात कायम वर राहिला की घेणारा मोकळेपणानं बोलत नाही. तो "हो साहेब" म्हणतो. त्या "हो"चा अर्थ विश्वास असा लावला की पुढं सगळंच बिघडतं.

लूकच्या दहाव्या अध्यायात येशू सत्तर जणांना (काही जुन्या हस्तलिखितांत बहात्तर) दोघादोघांनी पाठवतो, तेव्हा अगदी उलटी व्यवस्था करतो. पिशवी नको, झोळी नको, पायतण नको. पाचव्या ते नवव्या वचनातला क्रम पाहा. आधी "या घराला शांती असो" म्हणायचं. मग त्याच घरी राहायचं, पुढ्यात वाढतील ते खायचं-प्यायचं, घरं बदलत फिरायचं नाही. मग तिथल्या आजाऱ्यांना बरं करायचं. देवाचं राज्य जवळ आलं आहे, हे सांगणं त्यानंतर. बोलणं चौथ्या जागी आहे. वऱ्हाडातल्या माणसाला हा क्रम परका वाटू नये. गाडगेबाबा गावात आले की दिवसा खराटा चालायचा आणि कीर्तन रात्री व्हायचं. कीर्तनातही ते प्रश्न टाकायचे आणि उत्तरं लोकांच्याच तोंडून यायची.

हे सत्तर जणांचं पाठवणं आजच्या गावात कसं उतरवायचं? जोडीनं जावं. घरी बाई एकटी असेल तर दोन पुरुषांनी आत बसू नये. नवरा-बायकोची जोडी सगळ्यात बरी. गाडीभर माणसं, गळ्यात ओळखपत्र, हातात पत्रकांचा गठ्ठा, असं जाऊ नये. गाव त्याला प्रचारफेरी समजतं, आणि तसं समजण्यात गावाची चूक नसते. कापूस वेचणीच्या दिवसांत दिवसा जाऊ नये, बाया पहाटेपासून वावरात असतात. मृग लागून पेरणी सुरू झाली की तर अजिबात नाही. जायचंच असेल तर तिफणीमागं चालायला जावं. जेवणं उरकल्यावर आठ-साडेआठला ओट्यावर माणूस सापडतो. तासभराहून जास्त बसू नये. वाढलं तर खावं, ठेचा-भाकर असो नाहीतर नुसता चहा. "आत्ताच जेवून आलो" हे वाक्य विसरून जावं, कारण ते घरच्या बाईला लागतं. फोटो काढू नयेत. प्रार्थनेसाठी डोळे मिटलेल्या माणसाचा फोटो काढून पाठवला की तो माणूस आपल्यासाठी एक आकडा झाला, आणि उद्या गावात त्याची अडचण होते ती वेगळीच.

लुस्त्र गावची गोष्ट (प्रेषितांची कृत्ये, अध्याय १४) खेड्यात काम करणाऱ्यानं वर्षातून एकदा तरी वाचावी. प्रेषित पौल आपला सोबती बर्णबा याच्यासह तिथं जातो आणि एका पांगळ्याला उभं करतो. लोक ओरडू लागतात, देव माणसांच्या रूपानं खाली आले! बर्णबा म्हणजे ज्यूस, पौल म्हणजे हर्मीस, हे त्यांचे ग्रीक देव. पुजारी बैल आणि फुलांच्या माळा घेऊन येतो. हे दोघे गोंधळतात, कारण लोक तिथल्या लुकवनी भाषेत ओरडत होते. प्रवचन बाजारभाषेत झालं आणि लोकांच्या मनातलं मात्र त्यांच्या घरच्या भाषेत बाहेर आलं. काय चाललंय हे कळेपर्यंत बैल दारात उभे.

मेळघाटात कोरकू, गडचिरोलीकडं गोंडी आणि माडिया, बंजारा तांड्यावर गोरमाटी. यातल्या प्रत्येक ठिकाणी माणसं मराठीत मान डोलावतात, आणि आपसात काय बोलतात ते पाहुण्याला कळत नाही. म्हणून बोलणं संपल्यावर एक काम करावं: ऐकणाऱ्यालाच ती गोष्ट त्याच्या भाषेत घरातल्या म्हातारीला सांगायला लावावी, आणि शेजारी बसलेल्या दुसऱ्या कोणाकडून मराठीत उलट ऐकावी. काय गळलं, काय जोडलं गेलं, येशूचा कुठला देव झाला, हे तेव्हाच समजतं. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले. त्यांनी गोंडांचे शब्द गोळा केले, त्यांच्या आदिपुरुष लिंगोची गाथा टिपून घेतली. १८६३ मध्ये टाकळघाटहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून ते गेले. त्यांनी टिपलेलं १८६६ मध्ये छापलं गेलं. ज्यांना सांगायला आलो त्यांची गाणी आधी लिहून घ्यावीत, हेही एक प्रकारे पाणी मागणंच.

लुस्त्रातलं पौलाचं बोलणं जेमतेम तीन वचनांचं. मोशे नाही, अब्राहाम नाही, दावीद नाही. आकाशातून पाऊस, फळ देणारे ऋतू, अन्नानं आणि आनंदानं भरणारं मन. त्याच्या आधीच्याच अध्यायात, पिसिदियातल्या अंत्युखियाच्या सभास्थानात, हाच पौल मिसरातून सुटकेपासून इतिहास सांगतो, कारण तिथं बसलेल्यांना तो तोंडपाठ होता. अथेनैमध्ये (अथेन्समध्ये) तो तिथल्याच कवींच्या ओळी घेतो. सांगायचा येशू एकच, पण सुरुवात तीन जागी तीन प्रकारची. आपल्या एका गावात वारकऱ्याचं घर असतं, गुरुदेव सेवा मंडळाचं असतं, महानुभावांचं असतं, पेन (गोंडांचे देव) मानणाऱ्या गोंडाचं असतं, बौद्धाचं असतं. पाचही ठिकाणी उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायापासून सुरू करणारा माणूस मेहनती असेल, पण त्यानं पौल नीट वाचलेला नाही. बौद्ध घरात तर "देव" या शब्दानंच सुरुवात केली तर आपण काहीच ऐकलं नाही असं होईल. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांच्या आजोबांनी काय सोडलं आणि का सोडलं, हे आधी त्यांच्या तोंडून ऐकावं. येशू कोणाच्या पंगतीला बसला, कुष्ठरोग्याला हात लावून का बरं केलं, हे त्या घरात आपोआप विचारलं जातं.

आणि पाऊस. दुबार पेरणीच्या वर्षी लुस्त्रातलं वाक्य जसंच्या तसं उचलून म्हटलं तर कोणीतरी विचारणारच, "मंग यंदा काऊन नाही देला?" हा प्रश्न उत्तर देऊन मिटवू नये. तेराव्या स्तोत्राची सुरुवातच "परमेश्वरा, कोठवर?" अशी आहे, ते त्या माणसाबरोबर बसून वाचावं. ज्या घरात कर्जापायी कोणी जीव दिला आहे, तिथं सगळं गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांचा फक्त दुसरा अध्याय पाळावा: सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. त्यांचं बोलणं सुरू झालं आणि तिथून ते चुकत गेले. अशा घरी तेराव्यापर्यंत शुभवर्तमानाचा विषय काढू नये. पाणी भरावं, सरकारी कागदांसाठी तहसीलला बरोबर जावं, जनावरांना चारा टाकावा.

शब्दांबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं आणि ते लक्षातही येत नाही. मंडळीत वाढलेल्या माणसाची मराठी वेगळी असते. "मंडळी" हाच शब्द घ्या: आपल्यात त्याचा अर्थ चर्च, गावात त्याचा अर्थ घरची माणसं, कधी बायको. "आमच्या मंडळीत या" म्हटलं तर समोरचा चक्रावतो. "तारण" म्हटलं की शेतकऱ्याला सातबारा आणि बँक आठवते, कारण जमीन तारण ठेवतात. त्याला "सुटका" कळतं. "पश्चात्ताप" ऐवजी "चुकीच्या वाटेवरून मागं फिरणं". "कृपा" चालतो, पण "कमाई नसताना मिळालेलं" असं एकदा सांगावं लागतं. "देवाचा कोकरा" म्हटलं की मरीमायपुढचा बकरा डोळ्यांसमोर येतो. ते वाईट नाही, उलट तिथून बोलता येतं, पण फरक सांगायला हवा: तिथं माणूस देवाला देतो, इथं देणारा देव आहे. "मला प्रभूनं ओझं दिलं", "आत्म्यानं मला चालवलं" ही आपसातली भाषा आपसातच ठेवावी. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल मराठीत आणलं, त्या गेल्यावर दोन वर्षांनी, १९२४ मध्ये ते छापून झालं. साध्या बाईला कळावं असे शब्द निवडायचे, हा त्यांचा ध्यास होता. त्या ध्यासाची गरज अजून संपलेली नाही.

स्वतःची साक्ष सांगायची तर कृत्यांचा सव्विसावा अध्याय समोर ठेवावा. अग्रिप्पा राजापुढं पौल तीन भागांत बोलतो: ४ ते ११ वचनांत आधीचं आयुष्य, १२ ते १८ मध्ये येशूची भेट, १९ ते २३ मध्ये त्यानंतरचं. आपली साक्ष तीन मिनिटांत बसली पाहिजे. घड्याळ लावून घरी म्हणून पाहावी. नेहमीची चूक म्हणजे पहिला भाग फुगतो. दारू, मारामाऱ्या, करणी-भानामती यात दोन मिनिटं जातात, ऐकणाऱ्याला तेच रंगतदार वाटतं आणि येशू शेवटच्या वाक्यात घाईघाईनं येतो. दुसरी चूक म्हणजे तिसरा भाग खोटा गोड करणं. अजून न सुटलेल्या गोष्टीही सांगाव्यात, कारण शेजाऱ्याला आपलं घर माहीत असतं. आणि ज्याला तीन भागही जमत नाहीत त्याच्यासाठी योहानाच्या नवव्या अध्यायातला आंधळा आहे. यहूदी धर्मपुढारी त्याला येशूबद्दल कोड्यात टाकतात. तो म्हणतो, ते मला ठाऊक नाही. एक ठाऊक आहे, मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं. ठाऊक नाही म्हणायला जो शिकला त्याच्यावर गाव विश्वास ठेवतं.

फिलिप्प आणि हबशी अधिकाऱ्याची गोष्ट (कृत्ये ८) म्हणजे बरोबर बसून वाचण्याचा नमुना. फिलिप्प धावत रथाजवळ जातो, तो काय वाचतोय ते ऐकतो, मग एकच प्रश्न विचारतो: वाचता ते समजतं का? बोलावल्यावरच वर चढतो. आणि अधिकारी यशयाचं जे वचन वाचत होता तिथूनच सुरू करतो. गावात यासाठी मार्कचं शुभवर्तमान घ्यावं, सगळ्यात लहान, सोळा अध्याय. एका बैठकीत दहा-पंधरा वचनं, त्याहून जास्त नाही. घरातल्या शाळकरी पोरीला आई-वडिलांसमोर वाचू द्यावं. मग तीन प्रश्न: काय झालं? येशू कसा वागला? यातलं काय पटलं, काय खटकलं? उत्तर आलं नाही तर गप्प बसावं, मनात वीसपर्यंत मोजावं. शांतता भरून काढायच्या घाईत निम्म्या बैठकी वाया जातात. वाचता न येणाऱ्यांना तीच गोष्ट पाठ करून दोनदा सांगावी, तिसऱ्यांदा त्यांच्याकडून ऐकावी. नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार आला तो राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात, एका सहप्रवाशाकडून. वाचून पाहीन, एवढंच त्यांनी कबूल केलं होतं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मधला काळ त्या सहप्रवाशाच्या हातात नव्हता, जसा फिलिप्पच्याही नव्हता. तो तर पाण्यातून वर येताच दिसेनासा झाला.

तीन गोष्टींत मात्र कोणतीही सूट नको.

पहिली, आजार. प्रार्थना करावी, हक्कानं करावी. पण बरं होण्याची हमी देऊ नये आणि शुगर-बीपीची गोळी बंद करा असं चुकूनही म्हणू नये. पौलानं आपला सोबती त्रफिम याला मिलेतात आजारी ठेवून पुढचा प्रवास केला. तरुण सहकारी तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. त्याच्याबरोबर फिरणारा लूक वैद्य होता. साप चावला तर आधी सरकारी दवाखाना, प्रार्थना गाडीत. उपचार अडवून मंत्रतंत्र करणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते पापच होतं.

दुसरी, पैसा. जुन्या करारातला कोड झालेला सेनापती नामान बरा झाल्यावर अलीशा संदेष्ट्यानं काही घेतलं नाही. त्याचा चाकर गेहजी मागून धावला, दोन किक्कार (जुनं वजन) चांदी आणि दोन पोशाख घेऊन आला, आणि नामानाचं कोड घेऊन बसला. धान्याची पिशवी आणि प्रार्थनेची बैठक एका दिवशी, एका जागी ठेवू नयेत. मदत करायची तर ओळीतल्या सगळ्या घरांना, नाव न विचारता. घटनेच्या कलम २५ नं धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि प्रसाराचा हक्क दिला आहे. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्ये सांगितलं. विहिरीवरचा येशू ज्या वाटेनं गेला त्या वाटेनं जाणाऱ्याला यात अडचण वाटू नये. माणसाचं मन फिरवणं हे त्याचं काम नव्हेच.

तिसरी, दुसऱ्याच्या देवाची निंदा. पौल इफिसात तीन वर्षं राहिला. तिथं दंगल उसळली तेव्हा शहराचा कारभारी, जो ख्रिस्ती नव्हता, लोकांना म्हणाला की या माणसांनी आपल्या देवीची निंदा केलेली नाही. आपल्या गावचा पोलीस पाटील आपल्याबद्दल असं शपथेवर सांगू शकेल का, हे स्वतःला विचारावं.

नकार आला तर? श्रीमंत तरुण दुःखी होऊन निघून गेला. येशूनं त्याच्याकडं पाहून त्याच्यावर प्रीती केली, असं मार्क लिहितो, पण त्याच्या मागं धावला नाही. अथेनैत काही हसले, काही म्हणाले पुन्हा ऐकू, दियनुस्य आणि दामारी यांच्यासह थोड्यांनी विश्वास ठेवला. "पुन्हा ऐकू" म्हणणाऱ्याकडं पुढच्या आठवडी बाजारी नुसतं "कसं काय भाऊ" म्हणावं. विषय त्यानं काढावा. न काढला तर त्याच्या पोरीच्या लग्नात वाढायला उभं राहावं. मैत्री आमिष नव्हती, हे त्याला तेव्हा कळेल.

सूखारची बाई घागर विहिरीवर टाकून गावात गेली. येऊन पाहा, म्हणाली, हाच ख्रिस्त असेल का? तिचंही वाक्य प्रश्नाचं आहे. सगळं गाव आलं, आणि त्यांनी येशूला राहायची विनंती केली. तो दोन दिवस राहिला. शिष्य बरोबर होते. त्या दुपारी तेच गावात जाऊन अन्न विकत घेऊन आले होते. पुढचे दोन दिवस शोमरोन्यांच्या घरी, त्यांच्या अंथरुणावर, त्यांच्या भाकरीवर गेले. येशूला त्या दुपारी पाणी मिळालं की नाही, हे योहान लिहीत नाही. नंतरच्या दोन दिवसांत तरी त्यांच्याच तांब्यातून प्यायला असणार.